संगीत नाटकाचे विद्यार्थी आणि गुणपत्रिका

गणेशोत्सव जवळ आला, की माधवगंजातील मराठी घरांतून संध्याकाळच्या वेळी पेटीचे सूर ऐकू येऊ लागतात. कोणी 'सौभद्रा'तील एखादे पद बसवीत असतो, कोणी प्रवेशाची तालीम करीत असतो. ते दिवस सरले, की हळूहळू पेटीवर आच्छादन पडते आणि घरातील वडील मंडळी म्हणू लागतात, "आता पुरे झाले नाटक, परीक्षा जवळ आली." ह्यावर नाटकाचे वेड लागलेला मुलगा वा मुलगी मनातल्या मनात उत्तर देते, "मला नाटकातच जायचे आहे. मग ह्या गुणांचा उपयोग काय?" ह्या दोन वाक्यांतील वाद आम्ही इतक्या घरांतून ऐकला आहे, की त्यासंबंधी चार गोष्टी ह्या अंकातून सांगाव्यात असे आम्हांस वाटले.

संगीत नाटक ही आपल्या मराठी माणसांची फार मोठी मिळकत आहे. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि गाणे व अभिनय ह्यांचा असा मेळ जमला, की पुढील पन्नास वर्षे महाराष्ट्राने त्याचा ध्यास घेतला. त्या काळी ह्या कलेचे शिक्षण देणारे महाविद्यालय नव्हते. नाटक मंडळी हेच विद्यालय होते. केशवराव भोसले बालवयातच रंगभूमीवर आले. १८८८ साली जन्मलेले बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. मंडळीत मुलाला जेवण, निवारा, गाण्याची तालीम आणि अभिनयाचे धडे सारे काही मिळे. शाळा मात्र सुटे.

मंडळ्यांची भरभराट होती तोवर ह्या उणिवेची जाणीव फारशी कोणास झाली नाही. परंतु १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळला आणि एकामागून एक मंडळ्या बंद पडू लागल्या. ज्या नटांनी बालपणापासून तालमीखेरीज दुसरे काहीच शिकले नव्हते, त्यांच्यावर त्या काळात कठीण प्रसंग ओढवला. त्यांच्या गाण्यात उणे काही नव्हते. पण पडदा पडल्यावर दुसऱ्या कोणत्या दारी उभे राहावे ह्याची तजवीज त्यांच्यापाशी नव्हती. हा इतिहास आजच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता प्रवेशाची व्यवस्था पाहू. ज्या संस्था नाट्यकलेचे वा संगीताचे पदवी शिक्षण देतात, त्यांच्या वास्तूला दोन दारे असतात असे समजावे. पहिले दार पात्रतेचे. तेथे गुणपत्रिका दाखवावी लागते. दुसरे दार चाचणीचे. तेथे कंठ, देह आणि बुद्धी दाखवावी लागते. पहिल्या दाराची किल्ली दुसऱ्यास लागत नाही आणि दुसऱ्याची पहिल्यास लागत नाही. पंचाण्णव टक्के गुण मिळविणाऱ्यास बेसूर गाण्याची सवलत मिळत नाही; उलट कितीही गोड गळा असला, तरी बारावीचे प्रमाणपत्र नसेल तर पदवीच्या वर्गात बसता येत नाही.

पहिल्या दाराविषयी पालकांत आणि मुलांत पुष्कळ गैरसमज आहेत. मध्यप्रदेश मंडळाच्या परीक्षेत तेहतीस टक्क्यांस उत्तीर्ण, पंचेचाळिसांस द्वितीय श्रेणी आणि साठ टक्क्यांस प्रथम श्रेणी मिळते. वैद्यकीस वा अभियांत्रिकीस जाणाऱ्याची गुणांसाठी जी धडपड असते, ती कलाशिक्षणात सहसा नसते. येथे गुण हे बहुधा उंबरठ्यासारखे असतात. तो ओलांडला म्हणजे पुढची निवड चाचणीवर होते. काही ठिकाणी मात्र लेखी परीक्षाही असते. काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालय १९५० साली पंडित ओंकारनाथ ठाकुरांच्या देखरेखीखाली सुरू झाले. आज तेथील संगीताच्या पदवीसाठी २०२२ साली सुरू झालेली विद्यापीठांची सामायिक प्रवेशपरीक्षा आणि प्रत्यक्ष गायनवादनाची परीक्षा अशा दोहोंतून जावे लागते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून ज्या वर्षी अर्ज करावयाचा, त्याच वर्षीचे माहितीपत्रक वाचावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

नाट्यशिक्षणाची आपल्या देशातील सर्वांत नामांकित संस्था म्हणजे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. १९५९ साली त्याची स्थापना झाली. तेथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याच्या प्रवेशासाठी दोन अटी आहेत, त्या मुलांनी वहीत लिहून ठेवाव्यात. पहिली अट अशी, की उमेदवार कोणत्याही विषयाचा पदवीधर असावा. दुसरी अशी, की त्याने किमान सहा नाट्यनिर्मितींत भाग घेतलेला असावा. हिंदीचे आणि इंग्रजीचे कामापुरते ज्ञानही लागते. प्राथमिक चाचणीतून निवडलेल्या उमेदवारांना दिल्लीस काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावितात आणि तेथे अंतिम निवड होते.

ह्या दोन अटी एकत्र वाचल्या, की वर सांगितलेला घरातील वाद आपोआप मिटतो. "आधी शिक्षण पुरे कर, मग नाटक" असे म्हणणाऱ्या पालकाचा मुलगा पदवीधर होईल, पण सहा नाटके कोठून आणील? आणि "नाटकाला शिक्षण कशाला" असे म्हणणाऱ्याची सहा काय, सोळा नाटके होतील. पण पदवी कोठून येईल? विद्यालय दोन्ही मागते, आणि एकाच वयात मागते.

ही गोष्ट आम्ही निव्वळ माहितीपत्रकावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. स्नेहसंमेलनात ती उभी राहून नाट्यपद गाऊ लागली, की मागच्या रांगेतील व्रात्य मुलेसुद्धा गप्प बसत. अकरावीनंतर तिने शाळा सोडली. गाण्याचे कार्यक्रम मिळत होते, घरची स्थिती बेताची होती आणि तिला वाटले, आता पुस्तकांची गरज उरली नाही. आम्ही तिच्या गाण्याला टाळ्या दिल्या होत्या. पण ती शाळा सोडीत असता आम्ही तिला थांबविले नाही, समजाविलेही नाही. हा दोष आमचा. पुढे तिने नाट्य विद्यालयाचे माहितीपत्रक पाहिले आणि पहिल्याच ओळीस ती अडली. त्या दिवशी ती आमच्याकडे आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, ती फक्त म्हणाली, "सर, हे मला कोणी आधी सांगितले नाही." त्या वाक्याने आम्हांस जे वाटले, त्यातूनच हा लेख लिहिला आहे.

आता कोणी विचारील, की परीक्षेच्या अभ्यासाचा प्रत्यक्ष गाण्याला वा अभिनयाला काही उपयोग आहे काय? आमच्या मते फार आहे. 'शाकुंतल' मुळात कालिदासाचे. संस्कृताची थोडी ओळख असलेला नट त्यातील शब्द नुसते उच्चारीत नाही, ते त्याला कळतात. पंडित जितेंद्र अभिषेकींनी १९६४ साली 'मत्स्यगंधा'स आणि १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'स संगीत दिले आणि नाट्यसंगीताला नवे वळण लाविले. ते संस्कृत साहित्याचे पदवीधर होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे वकिलीचे पदवीधर होते. विखुरलेल्या बंदिशी गोळा करणे, त्यांची स्वरलिपी सिद्ध करणे, रागांची पद्धतशीर मांडणी करणे ही त्यांची कामे गाणाऱ्या गळ्याइतकीच शिकलेल्या बुद्धीचीही होती. आणि 'कट्यार'मधील खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे डॉ. वसंतराव देशपांडे अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत होते. शिक्षणामुळे मिळालेल्या त्या नोकरीने त्यांच्या गाण्याचा गळा घोटला नाही. उलट कलेला अनुकूल दिवस येईपर्यंत घर चालविले.

दुसऱ्या दाराची, म्हणजे चाचणीची, तयारी कशी करावी? संगीत नाटकाच्या विद्यार्थ्याने तीन गोष्टी वेगवेगळ्या शिकाव्यात आणि मग एकत्र आणाव्यात: गाणे, गद्य आणि हालचाल. पुष्कळ मुले गाण्यात तयार असतात, पण दोन ओळी गद्य बोलावयास सांगितले, की त्यांची जीभ अडखळते. रोज दहा मिनिटे मोठ्याने, स्वच्छ उच्चारांनी एखादे पान वाचावे. आपण ग्वाल्हेरकर घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलतो. ह्या दुहेरी संपत्तीचा उपयोग करून दोन्ही भाषांतील एकेक भाषण पाठ ठेवावे. परीक्षक मध्येच थांबवून "हेच वाक्य रागाने म्हणा", "हेच हसत म्हणा" असे सांगतात, तेव्हा अर्थ समजून पाठ केलेला विद्यार्थीच टिकतो.

मुलांसाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास कंठ फुटतो, आवाज चिरकतो आणि कालपर्यंत सहज लागणारा स्वर आज लागत नाही. ह्या काळात वरच्या पट्टीत ओरडून गाऊ नये. खालच्या स्वरांत हलका अभ्यास ठेवावा, ताल आणि गद्य ह्यांकडे अधिक लक्ष द्यावे. योगायोग असा, की हाच काळ नववी-दहावीचा. निसर्गच जणू सांगतो, की आवाजाला थोडी विश्रांती दे आणि पुस्तक हाती घे.

संगीताची पायरी चढण्यास आपल्या शहरासारखे शहर क्वचित सापडेल. हद्दू खाँ, हस्सू खाँ ह्यांची गायकी येथेच फुलली आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली. १९१८ साली माधवराव महाराज शिंदे ह्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. कृष्णराव शंकर पंडित आणि राजाभैया पूछवाले ह्यांनी येथे पिढ्या घडविल्या. २००८ साली राजा मानसिंह तोमर ह्यांच्या नावाचे संगीत व कला विश्वविद्यालय येथे स्थापन झाले असून, संगीत, नृत्य आणि चित्रकलेबरोबर नाट्यकलेचेही शिक्षण तेथे मिळते. ज्यांना मराठी रंगभूमीकडेच जावयाचे आहे, त्यांनी पुणे विद्यापीठाचे १९८७ साली स्थापन झालेले ललित कला केंद्र ध्यानात ठेवावे. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आहे. भोपाळचे मध्यप्रदेश नाट्य विद्यालय तर आपल्या दाराशीच आहे.

परदेशातही व्यवस्था फारशी निराळी नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १९१४ साली नाट्यकलेची पदवी देणारे त्या देशातील पहिले विद्यालय सुरू झाले. आज तिकडे संगीतनाट्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यास अनेक विद्यापीठांत दोनदा निवडले जावे लागते: एकदा शाळेतील गुण पाहून विद्यापीठाकडून आणि एकदा गाणे, अभिनय व नृत्य पाहून कलाविभागाकडून. चाचणीत पहिला आलेला विद्यार्थी शालेय गुणांपायी मागे पडल्याची उदाहरणे तेथेही घडतात.

आठवी ते बारावी ही पाच वर्षे कशी घालवावी, हे थोडक्यात सांगतो. आठवी-नववीत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक व प्रवेशिका परीक्षा द्याव्यात. दहावीच्या वर्षी नाटकातील मोठी भूमिका घेऊ नये. पण अर्ध्या तासाचा रियाज सोडू नये. अकरावीत पुन्हा रंगमंचावर यावे. प्रत्येक प्रयोगाचे पत्रक, छायाचित्र आणि प्रमाणपत्र एका फाइलीत जपून ठेवावे. पुढे हाच पुरावा मागतात. बारावीत भाषा हे विषय मनापासून करावेत. ज्यांच्या शाळेत संगीत हा विषय आहे, त्यांनी तो अवश्य घ्यावा.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलाने नाटकाचे नाव काढले, की "मग खाशील काय?" असे विचारू नका. हा प्रश्न खोटा नाही. पण तो दार लावून घेण्यासाठी विचारला जातो. त्याऐवजी मुलासोबत बसून त्या त्या संस्थेचे माहितीपत्रक वाचा. किती गुण लागतात, किती खर्च येतो, वसतिगृह आहे की नाही, शिक्षण संपल्यावर शाळेत संगीतशिक्षक म्हणून, आकाशवाणीवर वा अन्यत्र कोणते काम मिळू शकते, हे विचारा. मुलाला खरी माहिती मिळाली, की त्याचा हट्ट तरी मावळतो किंवा त्याचा निश्चय तरी पक्का होतो. दोन्हीत लाभच आहे.

आमच्या त्या विद्यार्थिनीने नंतर बारावीची परीक्षा दिली. दिवसा शिकवण्या आणि रात्री अभ्यास करून, स्वाध्यायी परीक्षार्थी म्हणून ती गेल्या वर्षी द्वितीय श्रेणीत बी. ए. झाली. पाच-सहा वर्षे त्यात गेली, पण वयाची मर्यादा अजून उलटलेली नाही. मागील महिन्यात ती फाइल घेऊन आली होती. तीत सात नाटकांची प्रमाणपत्रे क्रमाने लाविलेली होती आणि सर्वांवर, पहिल्या पानावर, पदवीची गुणपत्रिका होती. अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला. निवड होईल की नाही ते चाचणीत ठरेल. ह्या वेळी मात्र पहिल्या ओळीस तिचे बोट अडले नाही.