लिनक्स टाकले, पण वायफाय दिसेना

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळणे थांबले. विंडोज ११ हवे असेल तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप बहुधा इथेच अडकतो. धडधाकट चालणारी यंत्रे अशी एका तारखेला म्हातारी ठरली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या उर्दू शाळेचा लॅपटॉप त्यातलाच. नवा घ्यायला पैसे नव्हते आणि चालता लॅपटॉप भंगारात द्यायला मन होईना. आम्ही शिक्षकांनी मिळून त्यावर लिनक्स मिंट टाकले.

लिनक्स म्हणजे काय, हे ज्यांना नवे आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. उबंटू, मिंट ही त्याचीच तयार रूपे. पैसे लागत नाहीत, आणि कोणालाही त्याचा कोड पाहता येतो, सुधारता येतो. केरळच्या सरकारी शाळांत मुले कितीतरी वर्षे याच प्रकारच्या संगणकावर शिकत आहेत.

आमचा लॅपटॉप पहिल्यापेक्षा झटपट सुरू होऊ लागला. पण पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची खूणच नव्हती. इकडे आठवीच्या मुलींचे एनएमएमएस परीक्षेचे अर्ज शाळेतून ऑनलाइन भरायचे होते आणि हाताशी चारच दिवस होते. या परीक्षेतून निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ज्या घरी अब्बू हातगाडी लावतात आणि अम्मी शिवणकाम करतात, तिथे मुलगी नववीत बसणार की नाही हे कधी कधी याच रकमेवर ठरते. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर सगळ्या मुलींची नावे, जन्मतारखा, बँक खाती भरायची म्हणजे एखादा आकडा चुकणारच, आणि आकडा चुकला की भोगायचे मुलीने.

असे का होते, ते आधी समजून घ्यावे. वायफाय म्हणजे लॅपटॉपच्या पोटात बसवलेले एक छोटे कार्ड. त्याच्याशी बोलायला ड्रायव्हर लागतो आणि कार्डाला स्वतःला चालायला फर्मवेअर नावाची एक फाइल लागते. बहुतेक ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. इंटेलच्या कार्डांना सहसा काहीच करावे लागत नाही. पण ब्रॉडकॉमच्या काही कार्डांचा ड्रायव्हर बंदिस्त आहे, तो वेगळा बसवावा लागतो. रिअलटेकच्या काही चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात उशिरा आले, म्हणून जुनी आवृत्ती टाकली तर त्या ओळखल्याच जात नाहीत. म्हणजे लॅपटॉप बिघडलेला नसतो, दुभाषा तेवढा हजर नसतो.

पहिली तपासणी अगदी साधी. विमानाची खूण असलेली कळ चुकून दाबली गेली आहे का, बाजूला वायफायचे बटण आहे का, ते पाहावे. मग टर्मिनल उघडून इंग्रजी अक्षरांत ‘आरएफकिल लिस्ट’ अशी आज्ञा द्यावी. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ आले तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने काम होते. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर बटणाकडेच परत जावे. यादीत वायफायचे नावच नसेल तर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा कार्ड कोणत्या कंपनीचे आहे ते सांगते. आमच्या लॅपटॉपात कार्ड दिसत होते, ड्रायव्हर नव्हता.

आता ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा! इथेच पुष्कळ जण हात टेकतात आणि दुकानदाराकडे धावतात. खरे तर खिशातला मोबाइल पुरतो. फोन चार्जरच्या केबलने लॅपटॉपला जोडावा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लॅपटॉपला वाटते तारेचे इंटरनेट आले. केबल मात्र डेटा नेणारी हवी. स्वस्तातल्या काही केबली फक्त चार्जिंगच करतात. मग मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ किंवा उबंटूत ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडावे, सुचवलेला ड्रायव्हर निवडावा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

यानंतरचा टप्पा नीट वाचा, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. लॅपटॉपात सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात. लॅपटॉप पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, तोही काही सेकंदच. तिथे ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबले की ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही आणि माणूस तासन्‌तास शोधत बसतो. पडदा हुकला तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करता येते. मात्र शेजारी विंडोजही ठेवले असेल आणि त्यात बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी.

आमचे वायफाय इथे सुरू झाले. दोन दिवस शिल्लक असताना सगळे अर्ज गेले. नंतर ते मधूनमधून तुटायचे, तेव्हा वीज वाचवण्याची सोय बंद केली. नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये ‘पॉवरसेव्ह’पुढच्या ३ च्या जागी २ लिहायचे, एवढेच. एवढे करूनही एखादे कार्ड दाद देत नसेल तर यूएसबीचा छोटा वायफाय अॅडाप्टर घ्यावा. अथेरॉस एआर९२७१ चिप असलेला अॅडाप्टर लिनक्सवर सहसा लावल्याबरोबर चालतो.

ज्यांनी अजून लिनक्स टाकलेले नाही त्यांचे काम त्याहून सोपे आहे. पेनड्राइव्हवरून ते न बसवताच चालवून पाहता येते. तिथे वायफाय, आवाज, कॅमेरा, छपाई सगळे तपासावे आणि मगच आत टाकावे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत. घरातल्या मुलांना ते दाखवलेत तर ती आपल्या पुढे जातील.

राहता राहिले इनपेज. उर्दू शिक्षकांच्या वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात अडकल्या आहेत आणि ते विंडोजसाठी बनलेले आहे. जुन्या फाइलींसाठी आम्ही एका सहकाऱ्याच्या घरचा विंडोज संगणक वापरतो. नव्या प्रश्नपत्रिका लिबरऑफिसमध्ये नोटो नस्तालिक फॉन्टवर करतो. सहामाहीची उर्दूची तयार झाली, गणिताची अजून चालू आहे.