बुरूड राजाच्या कोटात काय होतं?

पुस्तकाची पारख वेष्टनावरून करू नये, असं इंग्रज म्हणतात. कबूल. पण एकात एक अशी पाच वेष्टनं असली, सगळ्यात आतलं वेष्टन सगळ्यात मौल्यवान निघालं, आणि सगळ्यात शेवटी हाती आलेली वस्तू मात्र कवडीमोलाची दिसली, तर? आता पारख करायची कशावरून?

हे कोडं आपल्या वसई तालुक्यातच पुरलेलं होतं. पूर्वेला चांदीप गाव, पश्चिमेला समुद्र, आणि मध्ये नालासोपारा. तिथे विटामातीचा एक मोठा उंचवटा होता. आसपासचे लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा कुणी राजा, त्याचा हा पडका किल्ला! बाहेरून पाहणाऱ्याला यापलीकडे काय सुचणार?

पंडित भगवानलाल इंद्रजींना सुचलं. जुनागढला जन्मलेला हा माणूस लेण्यालेण्यांतून फिरून शिलालेख वाचत आलेला. हा कोट नसून बौद्ध स्तूप आहे, हे त्यांनी ताडलं आणि 1882च्या एप्रिलमध्ये खोदकाम सुरू झालं. स्तूप ही अजब वास्तू आहे. तिला खोली नाही, दार नाही, आत शिरायची सोयच नाही. ती भरीव असते. जे काही असतं ते पोटात, मधोमध, कायमचं बंद.

त्या पोटात निघाली एक गोल दगडी पेटी. झाकण उचललं तर मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती कडं करून बसलेल्या आठ छोट्या धातुमूर्ती. तांब्याच्या करंडकात सोन्याची फुलं. फुलांसोबत चांदीचा करंडक. चांदीच्या आत दगडाचा. दगडाच्या आत स्फटिकाचा. आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा, चिमुकला! केळफूल सोलताना पाकळीआड पाकळी निघत जावी, तसा हा प्रकार.

आता सोन्याच्या डबीत काय असेल, सांगा. हिरा? माणिक?

मातीच्या भांड्याचे 13 बारीक तुकडे. बस्स.

भगवानलालांचा कयास असा, की हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे. खुद्द बुद्धाच्याच हातातलं ते पात्र होतं का, हे आज कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण ज्यांनी ते पुरलं त्यांची श्रद्धा किती पक्की होती, हे त्या पाच करंडकांवरून कळतंच. दारोदार हिंडणाऱ्या भिक्षूच्या वाडग्याच्या खापऱ्या, आणि त्यांना सोन्याची डबी!

खरी गंमत तर पुढे आहे. पुरलेलं तांबं हिरवं पडतं, चांदी काळवंडते. सोनं जसंच्या तसं राहतं, हे आपल्याला माहीत असतं. पण भाजलेली मातीही कुजत नाही, गंजत नाही, हे सहसा लक्षात येत नाही. एकदा भट्टीतून निघालेली माती पुन्हा चिखल होत नाही. फुटते, पण उरते. म्हणून तर जगभर जुन्या गावांच्या जागा खापरांवरून ओळखतात. आणि स्तूप कशाचा होता? विटांचा, म्हणजे भाजलेल्या मातीचाच. सगळ्यात बाहेर जे, तेच सगळ्यात आत. मधल्या मौल्यवान थरांनी आपल्याला उगाच फिरवून आणलं.

हे सगळं पुरलं कधी? त्याचीही खूण आतच होती, चांदीचं एक नाणं, फारसं न झिजलेलं. नाणं सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं, म्हणजे साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा शेवट. तेव्हा सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, हे गजबजलेलं बंदर होतं. सम्राट अशोकाच्या आज्ञा इथे त्याच्याही आधी दगडावर कोरल्या गेल्या होत्या. त्यातल्या आठव्या आज्ञेचा तुकडा भगवानलालांनाच 1882मध्ये मिळाला, नववीचा 1956मध्ये जवळच्या भुईगावात.

छान. तारीख लागली, प्रश्न मिटला. मिटला का? करंडकाभोवतीच्या त्या आठ मूर्ती आठवा. सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा मैत्रेय, पुढे येणारा. हे करंडक आणि मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. मूर्तींची घडण पाहून अभ्यासक म्हणतात, या आठव्या-नवव्या शतकातल्या. नाण्याहून सहाएकशे वर्षांनी उशिराच्या!

म्हणजे स्तूप मध्ये कधीतरी उघडला गेला असणार. कुणीतरी ती दगडी पेटी उघडली. समोर सोन्याची फुलं होती, चांदी होती, सोन्याची डबी होती. त्यांनी फुलं तशीच राहू दिली, नाणं राहू दिलं, वर आपल्या आठ मूर्ती ठेवल्या आणि पेटी पुन्हा बंद केली.