मायक्रोकंट्रोलरसाठी लघु इंटरप्रिटर : रचना, मर्यादा व अध्यापनमूल्य

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात कंपायलर व इंटरप्रिटर यांतील भेद बहुधा व्याख्येपुरताच शिकविला जातो. तो प्रत्यक्ष कृतीतून समजावून देण्यास मायक्रोकंट्रोलर हे सोयीचे साधन आहे. प्रस्तुत लेखात त्यावरील लघु इंटरप्रिटरच्या रचनेचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी व गरज :
इ.स. १९७५ मध्ये डेनिस ॲलिसन यांनी 'टायनी बेसिक' या भाषेचा आराखडा मांडला. पुढे इंटेलच्या ८०५२ एएच-बेसिक या चिपच्या ८ किलोबाइट रॉममध्ये संपूर्ण बेसिक इंटरप्रिटर सामावण्यात आला. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश व २ किलोबाइट रॅम आहे. तिची रचना हार्वर्ड पद्धतीची असल्याने रॅममधील बाइट यंत्राज्ञा म्हणून चालविता येत नाहीत. वापरकर्त्याने टंकित केलेली आज्ञावली रॅममध्ये माहितीच्या स्वरूपात राहते. ती वाचून कृती करणारा इंटरप्रिटर फ्लॅशमध्ये असतो.

रचना :
१) संकेतीकरण : प्रत्येक आज्ञाशब्दाऐवजी एक बाइटचा संकेत साठविला जातो. 'प्रिंट' या पाच रोमन अक्षरांच्या शब्दामागे चार बाइट वाचतात.
२) चल : ए ते झेड ही २६ चले १६ बिटांची ठेवल्यास ५२ बाइट पुरतात.
३) राशीचे मूल्यमापन : यासाठी राशी, पद व घटक अशी तीन फलने लिहावीत. २ + ३ × ४ या उदाहरणात 'राशी' फलन प्रथम 'पद' फलनाकडून २ मिळविते. + चिन्ह दिसताच पुन्हा 'पद' फलनास बोलाविते. ते ३ × ४ चा गुणाकार पूर्ण करूनच १२ परत देते व उत्तर १४ येते. गुणाकाराचा अग्रक्रम असा रचनेतूनच सिद्ध होतो.
४) 'गोटू' : इष्ट ओळ सापडेपर्यंत आरंभापासून शोध घेतला जातो, त्यामुळे आज्ञावली वाढेल तसा वेग घटतो.

मर्यादा :
कंस आला की 'घटक' फलन पुन्हा 'राशी' फलनास बोलाविते व प्रत्येक वेळी स्टॅक वाढतो. या चिपमध्ये स्मृतिसंरक्षण नसल्याने वाढलेला स्टॅक साठविलेल्या आज्ञावलीवरच अतिक्रमण करू शकतो, तेही कोणतीही सूचना न देता. म्हणून कंसांच्या खोलीवर मर्यादा घालणे अनिवार्य ठरते. तसेच चिन्हयुक्त १६ बिटांत ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. बेरीज-गुणाकार ३२ बिटांत करून, उत्तर मर्यादेबाहेर गेल्यास त्रुटी कळविणे योग्य होय. अन्यथा चुकीचे उत्तर बरोबर म्हणून स्वीकारले जाण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष :
वेगाची निकड असेल तेथे सी भाषेतील संकलित आज्ञावलीच श्रेयस्कर आहे. तथापि व्याकरण, स्टॅक व स्मृतिव्यवस्थापन या स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत विभागलेल्या संकल्पना येथे एकाच प्रयोगात एकत्र येतात. अल्प स्मृतीमुळे प्रत्येक बाइटचा हिशेब विद्यार्थ्यास स्वतः द्यावा लागतो. या दृष्टीने सदर प्रयोगास पदवीच्या प्रकल्पकार्यात स्थान देणे उचित ठरेल.