लाल मातीतील बळ आणि सुईतील बळ

सुगी आटोपून शेते मोकळी झाली की आमच्या कडोलीपासून निपाणीपर्यंतच्या गावोगावी यात्रांचे दिवस सुरू होतात. आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचे मैदान ओघानेच आले. हलगी कडाडते, फेटे बांधलेले पंच आखाड्यात उतरतात, जोड ठरतात, आणि भोवतालच्या गर्दीत शाळकरी पोरापासून काठी टेकीत आलेल्या वृद्धापर्यंत सर्वांचे डोळे त्या लाल मातीवर खिळतात. ह्या भागातील प्रेक्षक हा नुसता बघ्या नव्हे. ढाक कोणता, घिस्सा कोणता, पट काढताना कोणाचा तोल गेला, हे तो बसल्या जागेवरून सांगतो. अशी रसिकता पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासानेच येते, आणि तिचा कोणासही अभिमान वाटावा.

परंतु ह्याच मैदानाच्या वाटेवर अलीकडे एक अनिष्ट गोष्ट येऊन बसली आहे. जोर, बैठका आणि खुराक यांनी वर्षानुवर्षे कमवावयाचे बळ गोळीतून अथवा सुईतून चार महिन्यांत मिळते, असे तरुणांस सांगणारे लोक तालमींच्या व व्यायामशाळांच्या आसपास वावरू लागले आहेत. ह्या विषयावर बोलताना सारा दोष पैलवानाच्या माथी मारण्याची रीत आहे. आमच्या मते त्या दोषाचा बराच वाटा टाळी वाजवणाऱ्याकडे जातो. कारण आपण कशाला टाळी वाजवतो, ह्यावरच पुष्कळदा मुलगा काय घेतो हे ठरते.

प्रथम ही द्रव्ये म्हणजे काय, ते पाहू. पुरुषाच्या शरीरात स्नायू, हाडे व पौरुष यांची वाढ करणारा एक रस निसर्गतः तयार होतो. त्याच रसाची नक्कल प्रयोगशाळेत करून बनवलेल्या औषधांस स्टेरॉइड म्हणतात. त्यांपैकी मेथॅन्डिएनोन ह्या औषधाच्या गोळ्या १९५८ साली अमेरिकेत विक्रीस आल्या, आणि जॉन झिगलर नावाच्या डॉक्टरने त्या वजन उचलणाऱ्या खेळाडूंस देऊन पाहिल्या. ह्या गोळीने मेहनत चुकते असे नाही. शरीराची झीज लवकर भरून येते, त्यामुळे अधिक मेहनत करता येते आणि स्नायू झपाट्याने चढतात. म्हणूनच ती घेणाऱ्यास आपण हे बळ आपल्या घामाने मिळवले, असा भ्रम होतो.

त्याची किंमत मात्र शरीर पुढे वसूल करते. यकृतावर ताण पडतो. रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडून हृदयविकारास वाट मिळते. बाहेरून आयता रस मिळू लागताच शरीर स्वतःचा रस बनवणे थांबवते. त्यामुळे वृषणे आक्रसतात, संतती होण्यास अडथळा येतो, आणि कित्येकांची छाती स्त्रीसारखी वाढते. वाढत्या वयातील मुलाच्या हाडांची टोके वेळेआधी जुळून त्याची उंची कायमची खुंटू शकते. म्हणजे पैलवान व्हावे म्हणून ज्या कोवळ्या वयात मुलास तालमीत घालतात, त्याच वयात हे औषध सर्वांत घातक ठरते.

दुसरे औषध मेफेन्टरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यानंतर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ही सुई वापरतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पोलिसांनी व औषध प्रशासनाने व्यायाम करणाऱ्या तरुणांस चोरून विकला जाणारा ह्या औषधाचा साठा वेळोवेळी पकडला आहे. ह्याने हृदय जोरात धावू लागते, अंगात तरतरी येते व थकवा जाणवत नाही. थकवा हा शरीराचा राखणदार आहे. त्यास गुंगवून घरात शिरणारा चोरच असावयाचा, एवढे तरी पालकांनी ध्यानात घ्यावे.

ही कुजबुज एके दिवशी साऱ्या जगासमोर आली, ती २०१६ साली. नरसिंग यादव हा मुंबईच्या तालमीत वाढलेला पैलवान. २०११, २०१२ व २०१३ अशी सलग तीन वर्षे तो महाराष्ट्र केसरी ठरला होता. २०१५ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकमधील त्या गटाची जागा भारतास मिळवून दिली. त्या जागेवर कोणी जावे, ह्याविषयी दोन ऑलिंपिक पदके मिळवलेल्या सुशील कुमारने चाचणी कुस्तीची मागणी केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जून २०१६ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. कुस्तीशौकिनांत तेव्हाच दोन तट पडले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नरसिंगच्या लघवीच्या नमुन्यांत तेच मेथॅन्डिएनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते कालवले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, समितीने ते ग्राह्य धरून १ ऑगस्ट रोजी त्यास मोकळे केले. परंतु जागतिक संस्थेने, म्हणजे वाडाने, त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. लवादास कालवाकालवीचा पुरावा पटला नाही, आणि १८ ऑगस्ट रोजी, रिओत त्याची कुस्ती अवघ्या एका दिवसावर आली असता, त्याजवर चार वर्षांची बंदी आली. त्या गटात भारताचा कोणीही पैलवान मातीत, नव्हे मॅटवर, उतरला नाही.

त्या वेळी प्रेक्षकांनी काय केले? निम्म्यांनी पुरावा न पाहता त्यास निर्दोष ठरवले, निम्म्यांनी पुरावा न पाहता शिव्या दिल्या. आपला पैलवान म्हणून पाठीशी घालणे आणि आपला नव्हे म्हणून बदनाम करणे, ह्या एकाच आंधळेपणाच्या दोन बाजू होत. ह्या प्रकरणातून खरा धडा निराळाच निघतो. जागतिक नियमाप्रमाणे खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याचा जबाब प्रथम त्यानेच द्यावयाचा असतो. ते कसे आले हे पटवण्याचा भारही त्याच्यावरच असतो. अनोळखी डब्यातील पावडर, कोणी दिलेली गोळी, मित्राच्या हातचे पेय, यांपैकी काहीही निर्धास्तपणे घेण्याची मुभा त्यास नाही. ही गोष्ट किती तालमींत मुलांस समजावून सांगितली जाते?

आणि हा एकट्या पैलवानाचा प्रश्न नाही. वाडाच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ साली भारतात निरनिराळ्या खेळांतील ५,६०० हून अधिक नमुने तपासले गेले. त्यांत दोनशेहून अधिक दोषी निघाले, म्हणजे शेकडा सुमारे चार. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचे होते. २०२२ साली संसदेने ह्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. परंतु कायद्याचा हात मोठ्या स्पर्धेपर्यंत पोहोचतो. गावच्या यात्रेतील मैदानात नमुना घेण्यास सहसा कोणी येत नाही. तेथे राखण करावयाची ती गावानेच.

प्रेक्षकाच्या टाळीचा परिणाम कोठवर जातो, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण मोठे बोलके आहे. हा खेळ आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊ म्हणावा. आपल्याकडे षटकारास जो मान, तो तिकडे चेंडू मैदानापार टोलवण्यास. त्यास होम रन म्हणतात. १९९४ साली खेळाडूंच्या संपामुळे हंगाम अर्ध्यावर बंद पडला आणि चिडलेले प्रेक्षक पाठ फिरवून गेले. ते पुन्हा परतले ते विशेषतः १९९८ साली. त्या वर्षी मार्क मॅग्वायरने ७० व सॅमी सोसाने ६६ होम रन मारून १९६१ पासून अबाधित असलेला ६१ चा विक्रम मोडला. मैदाने ओसंडली, मालकांच्या तिजोऱ्या भरल्या, बापांनी मुलांस खांद्यावर घेऊन ते टोले दाखवले. खेळाडूंचे दंड एवढे अचानक कसे फुगले, हे विचारण्याची कोणास निकड वाटली नाही. पुढे बॅरी बॉन्ड्सने २००१ साली एका हंगामात ७३ चा आकडा गाठला. औषधे घेणाऱ्यास शिक्षा देणारी चाचणी ह्या खेळात सुरू झाली ती २००४ साली. आणि २०१० साली मॅग्वायरने आपण स्टेरॉइड घेत होतो, हे स्वतःच्या तोंडाने सांगितले.

त्या प्रेक्षकांच्या मनाची अवस्था एका चेंडूने दाखवून दिली. २००७ साली बॉन्ड्सने आपला ७५६ वा होम रन मारून कारकिर्दीतील सर्वाधिक टोल्यांचा विक्रम केला. तो चेंडू एका कापड-व्यावसायिकाने सुमारे साडेसात लाख डॉलरांस घेतला आणि त्याचे काय करावे, ह्यावर लोकांची मते मागवली. लोकांनी कौल दिला की त्यावर तारांकन कोरावे, म्हणजे ‘ह्या विक्रमाखाली एक टीप आहे’ अशी खूण करावी. तसा कोरलेला चेंडू आज त्या खेळाच्या संग्रहालयात आहे. बॉन्ड्सने जाणूनबुजून औषध घेतल्याचे कधी मान्य केले नाही. तरीही त्या खेळाच्या सन्मान-दालनात त्याची निवड दहा वर्षे होऊ शकली नाही, आणि २०२२ साली ती वाट बंद झाली. ज्यांनी टोला पाहून छप्पर दणाणून सोडले, त्यांनीच पुढे चेंडूवर शंकेची खूण कोरावी, हे केवढे दुःख! बापाने मुलास दाखवलेला तो आनंदही मागाहून नासला.

कोणी म्हणतात, सगळेच घेतात तर सर्वांस मोकळीक द्यावी; मग कुस्ती बरोबरीची होईल. हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. परंतु मोकळीक दिली की तीच सक्ती होऊन बसते. ज्या मुलास आपले यकृत व आपली पुढची संतती जपावयाची आहे, त्यास आखाडा सोडावा लागेल; आणि ज्याच्या बापाजवळ महागड्या औषधांस पैसा नाही, तो शेतमजुराचा पोर पहिल्याच फेरीत बाहेर पडेल. अंगची मेहनत हेच ज्याचे भांडवल, त्या गरिबासही मानाने उभे राहता येते असे कुस्तीचे मैदान आहे. तेही त्याच्याकडून काढून घ्यावयाचे काय?

ह्याच्या उलट, चाहत्याने कसे असावे ह्याचा धडा ह्याच मातीने दिला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांस १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे होते आणि जवळ पैसा नव्हता. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून रक्कम दिली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी ते ऋणही फेडले. आपल्या सीमाभागातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंद केसरी झाले, तेही तालमीतील मेहनतीच्या जोरावर. प्राचार्य खर्डेकरांनी पदक पाहून घर गहाण टाकले नव्हते. त्यांनी मुलगा व त्याची मेहनत पाहिली होती. खरा चाहता तो हाच.

तर मग प्रत्यक्षात काय करावे? यात्रा कमिट्यांनी सर्व इनाम चितपटीवरच न ठेवता, चाळीस मिनिटे झुंजून बरोबरीत सुटलेल्या जोडीचाही मान करावा. दोन महिन्यांत दहा किलो चढलेल्या मुलाची वाहवा करण्याआधी वस्तादांनी त्यास जवळ बसवून कारण विचारावे. आईबापांनी मुलाच्या पिशवीतील डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे, वाचता न आल्यास गावच्या डॉक्टरांस दाखवावे. स्पर्धेत उतरणाऱ्याने खोकल्याचे औषधही घेताना आपण खेळाडू असल्याचे डॉक्टरांस सांगावे. आजारपणासाठी निषिद्ध औषध खरोखर लागत असेल तर रीतसर परवानगी मागण्याची सोय नियमांत आहे. आणि ज्याने आधीच सुई टोचून घेतली आहे, त्यास घराबाहेर काढू नये, चारचौघांत लाजवू नये. त्यास डॉक्टरांकडे न्यावे; कारण ही औषधे अंगवळणी पडल्यावर ती सोडतानाही शरीर व मन खचते, आणि त्या वेळी त्यास शिक्षेहून सोबतीची गरज अधिक असते.

पुढील यात्रेत हलगी वाजेल तेव्हा एखादा सडपातळ पोर तगड्या गड्याशी अर्धा तास झुंजून शेवटी पाठीवर पडेल. त्याच्या अंगावर माती असेल, हातात गदा नसेल. प्रिय वाचकहो, त्या वेळी त्यास ऐकू जाईल एवढी मोठी टाळी आपण वाजवावी. ती टाळी मिळाली तर पुढच्या वर्षी तो पुन्हा पहाटे उठून जोर काढील, आणि सुई घेऊन कोणी त्याच्या दारी आलाच तर त्यास परत पाठवण्याचे बळ त्याच्या अंगी असेल.