काम काय होते, तेही केसपेपरवर लिहून घ्या



बर्डीवर, किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही काही जणी रविवारी बसतो. दवाखान्याचे कागद समजावून सांगणे एवढेच आमचे काम. गेल्या महिन्यात एक काकू फाइल घेऊन आल्या. काका फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते, सहा वर्षांपूर्वी हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता रक्ताचा कर्करोग, अ‍ॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया.

केसपेपरवर तंबाखू नाही, दारू नाही, एवढेच लिहिलेले. पुढे व्यवसाय : निवृत्त.

"इंजिनाचे पार्ट पेट्रोलनं धुवायचे ते. हातबी त्याच्यानंच धुवायचे, ताई," काकू सहज बोलून गेल्या. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि बेंझिनमुळे नेमका हाच कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला केव्हाचे माहीत आहे. पण काकांना कोणी विचारलेच नाही. वॉर्डात असताना आम्हीही कित्येक रुग्णांच्या नावापुढे 'निवृत्त' एवढेच लिहिले आहे. त्या एका शब्दाने किती घरांचे नुकसान झाले असेल, हे आज कळते.

1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून आपल्या घराघरांत फौजी आहेत. गोळी लागली तर पेन्शन मिळते, हे सर्वांना ठाऊक असते. सेवेमुळे जडलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या आजारासाठीही अपंगत्व पेन्शन आहे, हे मात्र फार थोड्यांना. लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेतच किरणोत्सर्ग आणि रसायने ही कर्करोगाची कारणे म्हणून दिलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला आणि 2022 मध्ये अग्निशामकाच्या कामाला कर्करोगकारक ठरवले. अ‍ॅस्बेस्टॉस आणि रंगकाम त्या यादीत आधीपासून आहेत. म्हणजे मेकॅनिक, फायरमन, पेंटर, एक्स-रे तंत्रज्ञ, ही सगळी आपलीच मुले.

अमेरिकेत 2022 च्या पॅक्ट कायद्याने ठरावीक ठिकाणी नोकरी केलेल्या सैनिकाला ठरावीक कर्करोग झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे धरले जाते. आपल्याकडे अशी यादी नाही. मात्र 2013 च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असे मानावे, आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यावा. तो खटला फिट्सचा होता, कर्करोगाचा नव्हे. तरी वकील आजही त्याचाच आधार घेतात. 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी ते वेगळे तपासावेत.

अडचण वेळेची आहे. निवृत्तीनंतर दिसलेला आजार ठरावीक वर्षांच्या आतच मान्य होऊ शकतो, आणि तोही त्याची सुरुवात सेवेत झाली असे वैद्यकीयदृष्ट्या दाखवता आले तर. अ‍ॅस्बेस्टॉसचा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनीही उगवतो! नियम करणाऱ्यांनी कर्करोगाचा वॉर्ड पाहिला नसावा. म्हणून निदान झाले त्याच आठवड्यात हालचाल करा. डॉक्टरांना हात जोडून सांगा, की कोणत्या ट्रेडमध्ये, किती वर्षे, कशाच्या संपर्कात, हे केसपेपरवर लिहा. 'संबंध नाकारता येत नाही' एवढे त्यांनी लिहिले तरी फार. डिस्चार्ज बुक शोधा, ट्रेड आणि युनिट त्यात असते. जुन्या सोबत्यांकडून कामाच्या पद्धतीबद्दल प्रतिज्ञापत्र घ्या. अर्ज जातो आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, महार रेजिमेंटचा सागरला, ईएमईचा सिकंदराबादला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तो भरायला मदत करते. नकार आला तर अपील करा, आणि तेही फेटाळले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. नकाराचे पत्र फाडून टाकू नका, पुढची लढाई त्याच कागदावर लढायची असते.

जवान गेला असेल, तरी सेवेशी संबंध सिद्ध झाल्यास पत्नीला साध्या कुटुंब निवृत्तिवेतनाऐवजी जास्त रकमेची विशेष पेन्शन मिळते. मृत्यूचा दाखला आणि सगळे रिपोर्ट म्हणूनच जपून ठेवायचे.

काकूंच्या डॉक्टरांनी गेल्या सोमवारी दोन ओळी वाढवून दिल्या : बावीस वर्षे वाहन दुरुस्ती, पेट्रोलशी रोजचा संपर्क. अर्ज पोस्टाने सिकंदराबादला गेला आहे. पावती काकूंनी पदराच्या गाठीत बांधून नेली, झेरॉक्स आमच्याकडे आहे.