रशियन उपहासकथेचे दशक

छोट्या शहराची रशियन उपहासकथा साल्तिकोव-श्चेद्रिनच्या ग्लूपोव नगरीपर्यंत (१८६९-७०) मागे जाते. चेखवचे कारकून सर्वांच्या ओळखीचे आहेत. १९०८ मध्ये निघालेले ‘सातिरिकोन’ साप्ताहिक १९१४ मध्ये बंद पडले. या कथेला खरा बहर आला तो १९२१ नंतर.

त्या वर्षी सोव्हिएत सरकारचे नवे आर्थिक धोरण आले आणि खासगी दुकाने पुन्हा उघडली. क्रांतीची भाषा अर्धीमुर्धी शिकलेला सामान्य माणूस कथेत बोलू लागला. त्याची बोली मिखाईल झोश्चेन्कोने (१८९४-१९५८) नेमकी उचलली. चांभारकाम, कोंबड्यांची पैदास, पोलीस खात्यातली नोकरी असे सारे करून झाल्यावर तो लिहू लागला होता. त्याच्या न्हाणीघराच्या कथेत कपड्यांचे बिल्ले उघड्या माणसाने ठेवायचे कुठे, हा साधा प्रश्न कुठल्याच व्यवस्थापकाला पडलेला नसतो. ‘भयाण रात्र’ ही कथा त्याहून खोल जाते. आडगावच्या वाद्यवृंदात त्रिकोण वाजवणाऱ्या कोतोफेयेवला सुलेखनाचा एक माजी शिक्षक भेटतो. शाळेतून तो विषयच काढून टाकल्याने शिक्षक भिकेला लागलेला आहे. उद्या विजेचा त्रिकोण निघाला तर आपले काय, या धास्तीने कोतोफेयेव रात्री चर्चच्या मनोऱ्यावर चढून घंटा बडवतो. क्रांतीच्या कितीतरी इतिहासग्रंथांत ही धास्ती सापडत नाही.

आंद्रेई प्लातोनोव १९२६-२७ च्या हिवाळ्यात तांबोवला जमीन-सुधारणा खात्यात होता. त्या अनुभवातून ‘ग्रादोव शहर’ उतरले. त्यातला श्माकोव टिपणे आणि अहवाल यांतच मानवाची मुक्ती पाहतो. इल्फ-पेत्रोव या लेखकजोडीचे कोलोकोलाम्स्क शहर १९२८-२९ मध्ये ‘चुदाक’ साप्ताहिकात अवतरले.

आर्थिक धोरण गुंडाळले गेले आणि ही कथा आपोआप ओसरली, हे म्हणणे खोटे आहे. वाचक होते, लेखकही होते. मात्र १९२९ मध्ये सोव्हिएत राज्यात उपहासाची गरजच काय, असा वाद ‘लितेरातुर्नाया गाझेता’त छेडला गेला. ‘चुदाक’ १९३० मध्ये बंद झाले. १९३१ मध्ये प्लातोनोववर खुद्द स्टालिन संतापला. ऑगस्ट १९४६ च्या पक्षठरावानंतर झोश्चेन्कोला लेखक संघातून काढले गेले. तो ठराव रद्द झाला १९८८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. ठराव रद्द होण्यातून दिसलेली मोकळीकही टिकली नाही. मार्च २०२२ च्या रशियन कायद्याने सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवण्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला आहे, आणि खोटे काय ते सरकारच ठरवते.