वाळूखालची शिकारीण

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला तिसऱ्यांचे रिकामे शिंपले विखुरलेले असतात. त्यांतल्या एखाद्याला बिजागरीजवळ गोल भोक आढळतं, इतकं रेखीव की माळेत ओवायला कुणी मुद्दाम पाडलं असावं. ही करणी असते दोन-तीन सेंटिमीटरच्या समुद्री गोगलगायीची.

अशा भोक पाडणाऱ्या गोगलगायींतली आपल्या किनाऱ्यावरची देखणी जात म्हणजे नॅटिका टायग्रिना. १७९८ साली जर्मनीत हॅम्बुर्गला पीटर रोडिंग यांनी एका शंखसंग्रहाच्या विक्रीची सूची केली, त्या सूचीत तिचं नामकरण झालं. आताचे अभ्यासक तिला पॅराटेक्टोनॅटिका या प्रजातीत धरतात. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांपासून आग्नेय आशिया आणि पुढे चीनपर्यंत ती सापडते. खाडीच्या मुखाजवळची चिखलमिश्रित वाळू तिला मानवते.

शंख गोलसर आणि गुळगुळीत. शेवटचा वेढा एवढा मोठा की वरचं टोक त्यापुढे नावापुरतं उरतं. पांढुरक्या अंगावर काळपट तपकिरी ठिपक्यांच्या ओळी असतात. तोंड अर्धचंद्राकृती आणि त्याच्या शेजारी खोलगट नाभी. अंग आत ओढून घेतलं की चुन्याचं पांढरं झाकण तोंडावर घट्ट बसतं.

अंगावर ना काटे ना गाठी, म्हणून वाळूतून सरकणं सोपं जातं. रुंद मांसल पायानं वाळू नांगरत ती तिसरीपर्यंत पोचते आणि तिला त्याच पायात कवटाळते. मग सोंडेच्या टोकाखालच्या ग्रंथीतून आम्ल पाझरतं. त्यानं कवच मऊ पडलं की दातेरी जीभ ते खरवडते. पुन्हा आम्ल, पुन्हा खरवडणं. अर्धा मिलिमीटर आत जायला दिवस लागू शकतो. आरपार भोक पडलं की सोंड आत घालून मांस खाल्लं जातं.

या भोकाची बाहेरची कड रुंद असते आणि आत ते निमुळतं होत जातं. खडकांवर कालवं पोखरणाऱ्या म्युरेक्स कुळातल्या गोगलगायींचं भोक बहुधा सरळ उभ्या भिंतींचं असतं. एखाद्या शिंपल्यावर नुसता अर्धवट खळगा दिसला, तर तिथे शिकार हुकली असं समजावं.

रत्नागिरीत झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात शंखशिंपले मांडलेले आहेत. ते जरूर पाहावेत. पण शंखाचा आकार असा का, हे कळायला ओहोटीची वाळूच तुडवावी लागते. तिथे वाळू आणि चिकट स्रावाची पातळ, वाकलेली पट्टी दिसली तर ती कचरा समजून उचलू नका. त्यात या गोगलगायींची अंडी असतात. आणि झाकण बंद असलेला शंख कितीही सुंदर असला तरी घरी नेऊ नका, कारण आत जीव असतो. घरी न्यायचाच असेल तर भोक पडलेला रिकामा शिंपला न्या आणि मुलांना ते भोक कसं पडलं ते सांगा.